बाहेर पडणाऱ्या श्वासाची वाट

पोटाच्या शस्त्रक्रियेत सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांच्यामध्ये एक पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला पोट, दुसऱ्या बाजूला डोके, आणि दोघे आपापले काम करतात. श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेत हा पडदा कामाचा राहत नाही. भूलतज्ज्ञाने ज्या वाटेने रुग्णाला श्वास द्यायचा, तीच वाट सर्जनला कापून पुन्हा जोडायची असते. कापलेल्या दोन टोकांच्या मध्ये ट्यूब आली तर टाके घालता येत नाहीत, आणि ट्यूब काढली तर श्वास थांबतो. गेल्या दीडशे वर्षांत या अडचणीवर जे उपाय निघाले, त्यांतले बरेचसे जर्मनीत जन्मले. काही तिथेच मागे पडले आणि दुसऱ्या देशांत मोठे झाले, काही अलीकडे पुन्हा जर्मन रुग्णालयांतूनच नव्या रूपात पुढे आले आहेत. हा सगळा प्रवास पाहताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. श्वास आत घालण्याच्या युक्त्या माणसाला लवकर सापडल्या. आत गेलेला श्वास बाहेर काढण्याचा विचार मात्र फार उशिरा झाला, आणि रुग्ण दगावले ते बहुतेक या दुसऱ्या भागात.

आधी अवयव समजून घेऊ. प्रौढ माणसाची श्वासनलिका १० ते १२ सेंटीमीटर लांब आणि साधारण दोन सेंटीमीटर रुंद असते. तिच्यात १८ ते २२ कूर्चेच्या कड्या असतात, पण त्या पूर्ण गोल नसतात. मागची भिंत मऊ पडद्याची असते आणि तिला अन्ननलिका चिकटलेली असते. रक्तपुरवठा दोन्ही बाजूंनी बारीक बारीक शाखांनी येतो, त्यामुळे नलिका फार मोकळी केली तर तिचा तो भाग मरतो. आतली वाट आठ मिलिमीटरच्या आसपास आली की जिना चढताना धाप लागते, पाच-सहा मिलिमीटरवर आली की बसल्या जागी घरघर ऐकू येते. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर शांत प्रवाहालाही होणारा अडथळा सोळा पटींनी वाढतो, आणि हवा भोवरे घेत वाहू लागली की त्याहूनही जास्त. म्हणून एक मिलिमीटर सूज रुग्णाला घरातून थेट अतिदक्षता विभागात नेऊ शकते.

खराब झालेला तुकडा कापून दोन्ही टोके जोडणे हाच अशा अरुंद वाटेवरचा खात्रीचा उपाय आहे. कापलेल्या जागी बसवायला भरवशाची दुसरी नळी नाही. हॅनोव्हरमध्ये काही वर्षे काम केलेल्या पाओलो माकियारिनी या इटालियन सर्जनने पुढे स्टॉकहोममध्ये प्लास्टिकच्या श्वासनलिका बसवल्या. त्या रुग्णांचे फार हाल झाले, आणि २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने त्याला अडीच वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा दिली. तेव्हा आजही कापायचे आणि जोडायचे, एवढेच हातात आहे. मान व फुप्फुसाचे मूळ सैल करून प्रौढांत जवळजवळ निम्मी नलिका काढता येते.

त्या जोडणीला अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. भूल दिलेला माणूस मिनिटाला सुमारे २५० मिलिलीटर ऑक्सिजन वापरतो. आधी चांगला ऑक्सिजन देऊन फुप्फुसे भरून घेतली तर निरोगी प्रौढ माणसाला श्वास थांबवून साधारण आठ मिनिटे सुरक्षित ठेवता येते. जाड किंवा आजारी माणसात आणि लहान मुलात याहून पुष्कळच कमी वेळ. आठ मिनिटे आणि अर्धा तास यांच्यातली ही दरी कशी भरायची, हा या लेखाचा विषय.

जर्मनीतली सुरुवात रक्त फुप्फुसात जाऊ नये या काळजीतून झाली. बर्लिनमध्ये सर्जन लांगेनबेक यांच्या हाताखाली काम करणाऱ्या फ्रीडरिख ट्रेन्डेलेनबुर्ग यांनी १८६९ च्या सुमारास गळ्यातल्या छिद्रातून घालायच्या नळीभोवती रबराचा पातळ फुगा बसवला. फुगा फुगवला की नळी आणि श्वासनलिकेची भिंत यांच्यामधली फट बंद होत असे. नळीला जोडलेल्या नरसाळ्यातून क्लोरोफॉर्म द्यायचे आणि वर जबड्यावर किंवा स्वरयंत्रावर निर्धास्त काम करायचे. आज जगातल्या प्रत्येक अतिदक्षता विभागात जी ट्यूब वापरली जाते, तिचा फुगा या कल्पनेचाच वारस आहे. या फुग्याने प्राण वाचवले आणि पुढे श्वासनलिका खराबही केल्या, त्याकडे नंतर येतो.

१८८१ मध्ये बर्लिनमध्येच थेमिस्टोक्लेस ग्लुक आणि त्सेलर यांनी कुत्र्यांची श्वासनलिका कापून पुन्हा जोडून दाखवली. त्याच दशकात एर्न्स्ट क्युस्टर यांनी माणसाच्या मानेतल्या श्वासनलिकेचा तुकडा काढून टोकाला टोक जोडले. कल्पना सिद्ध झाली होती, पण ती पुढची सत्तर वर्षे जवळजवळ तिथेच राहिली. रोगी कमी होते हे एक कारण, आणि दोन सेंटीमीटरहून जास्त कापता येत नाही हा सर्जनांमध्ये रुजलेला समज हे दुसरे. तिसरे कारण श्वासाचे: छाती उघडून खालच्या श्वासनलिकेपर्यंत जायचे तर तेवढा वेळ रुग्णाला जिवंत ठेवायचे कसे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

याच काळात श्वासनलिकेतल्या एका नळीवरून साऱ्या युरोपने वाद पाहिला. जर्मनीचा युवराज फ्रीडरिख याला स्वरयंत्राचा कर्करोग झाला होता. इंग्रज डॉक्टर मॉरेल मॅकेन्झी तो कर्करोग मानायला तयार नव्हते, जर्मन डॉक्टर आग्रही होते, आणि रुडॉल्फ फिर्शो यांना तपासायला मिळालेल्या तुकड्यांत कर्करोग आढळला नाही. अखेर ९ फेब्रुवारी १८८८ रोजी इटलीतल्या सान रेमोत तरुण सर्जन ब्रामान यांनी श्वास कोंडलेल्या युवराजाच्या गळ्याला छिद्र पाडले. महिन्याभरात तो सम्राट झाला, पण बोलता येत नसल्याने चिठ्ठ्या लिहून कारभार करत होता. नळीचा आकार कसा असावा, ती कोणी बदलावी यावरून दोन देशांचे डॉक्टर भांडत राहिले. ९९ दिवसांच्या राज्यानंतर १५ जूनला तो गेला. कर्करोग बरा होण्यासारखा नव्हता, हे खरे. तरीही चुकीच्या बाकाची नळी आतल्या भिंतीला किती इजा करते, हे या आजारपणाने जगाला दाखवून दिले, असे मला वाटते.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १८९७ मध्ये, फ्रायबुर्गच्या गुस्टाफ किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या उजव्या मुख्य श्वासवाहिनीत अडकलेला डुकराच्या हाडाचा तुकडा तोंडातून घातलेल्या सरळ, कडक नळीतून चिमट्याने काढला. कोकेनने घसा बधिर केला होता, रुग्ण जागा होता आणि स्वतः श्वास घेत होता. श्वासनलिकेत उतरायला गळा कापावाच लागतो असे नाही, हे त्या दिवशी कळले. श्वासाच्या दृष्टीने किलियान यांचे उत्तर सगळ्यांत साधे होते: रुग्णाचा स्वतःचा श्वास चालू ठेवायचा. सव्वाशे वर्षांनी हे उत्तर पुन्हा मानाने परत आले आहे.

आता एका माणसाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ती सांगितल्याशिवाय जर्मनीतला हा इतिहास समजत नाही. कासेलचे सर्जन फ्रान्झ कून यांनी १९०० च्या सुमारास तोंडातून श्वासनलिकेत घालण्याची लवचिक धातूची नळी तयार केली. बोटाने जिभेच्या मुळामागची जागा चाचपून ते ती आत सरकवत, घशात कापडाची बोळी भरून बाजूची फट बंद करत आणि नळीतून भूल देत. १९११ मध्ये त्यांनी या पद्धतीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. आजचा भूलतज्ज्ञ सकाळी पहिल्या रुग्णाला जे करतो, ते कून शतकापूर्वी करत होते. पण देशाचे लक्ष दुसरीकडे होते. १९०४ मध्ये ब्रेस्लाउमध्ये सर्जन मिकुलिच यांच्या हाताखाली फर्डिनांड झाउअरब्रुख यांनी कमी दाबाची बंद खोली बांधली. रुग्णाचे डोके खोलीबाहेर, शरीर आत, आणि सर्जनही आत. छाती उघडली तरी फुप्फुस मिटत नसे. ही मोठी कामगिरी होती, आणि झाउअरब्रुख पुढे जर्मन सर्जरीचे सर्वांत वजनदार नाव झाले. त्या वजनाखाली कून यांची साधी नळी दबून गेली.

खोलीची उणीव काय होती, हे इथे सांगायला हवे. फुप्फुस फुगलेले राहत होते, ऑक्सिजन मिळत होता. पण हवा आतबाहेर हलवण्याचे काम भुलीखालच्या, थकलेल्या रुग्णालाच करावे लागत होते. आतला कार्बन डायऑक्साइड साचत जाई. ब्राउअर यांनी त्याच वर्षी खोलीऐवजी डोक्याकडून जास्त दाब देण्याचा सोपा मार्ग सुचवला, तरी या बाबतीत फरक पडला नाही. दाबाने फुप्फुस उघडे ठेवणे आणि श्वास देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे उमगायला वेळ लागला. ट्यूबचा प्रसार पुढे इंग्लंडमध्ये मॅगिल आणि रोबॉथम या भूलतज्ज्ञांनी केला. जर्मनीत भूलशास्त्राची स्वतंत्र संघटना १९५३ मध्ये उभी राहिली आणि पहिले अध्यासन माइन्त्समध्ये रुडॉल्फ फ्राय यांना १९६० मध्ये मिळाले. ज्या देशाने ट्यूबचा फुगा आणि तोंडातून घालायची नळी दिली, त्याने त्या हाताळणाऱ्या तज्ज्ञाला इतक्या उशिरा ओळख द्यावी, याची किंमत रुग्णांनी मोजली.

१९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली आणि भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सल्ल्याने शेकडो रुग्णांना गळ्यातल्या नळीतून हाताने पिशवी दाबून श्वास दिला गेला. तिथून अतिदक्षता विभाग सुरू झाले. आणि तिथूनच श्वासनलिकेचा नवा आजार सुरू झाला. आठवडेच्या आठवडे ट्यूब आत राहिली, तिचा कडक फुगा भिंतीवर दाबून राहिला, दाबाने भिंतीतले रक्त थांबले, व्रण झाला, व्रण भरताना आकसला आणि वाट अरुंद झाली. पूर्वी दुर्मीळ असलेली शस्त्रक्रिया आता गरजेची झाली. बोस्टनमध्ये हर्मिस ग्रिलो यांनी १९६० च्या दशकात मृतदेहांवर मोजमापे घेऊन दोन सेंटीमीटरचा समज मोडला आणि ती नियमाने करता येईल अशी बसवली. १९६९ मध्ये त्यांच्या चमूने भुलीची पद्धतही मांडली, आणि जर्मनीसह सगळीकडे ती आधार म्हणून घेतली गेली.

ती पद्धत अशी. आधी तोंडातून ट्यूब. सर्जन श्वासनलिका खालच्या बाजूला कापतो, भूलतज्ज्ञ तोंडातली ट्यूब वर ओढतो, आणि सर्जन निर्जंतुक केलेली दुसरी, तारेची गुंडाळी असलेली ट्यूब जखमेतूनच खालच्या टोकात घालतो. तिचे दुसरे टोक पडद्यावरून भूलतज्ज्ञाच्या यंत्राला जोडले जाते. सर्जन आधी मागच्या भिंतीचे टाके घालतो. ट्यूब आड आली की ती काढायची, एक-दोन टाके घालायचे, ऑक्सिजन उतरू लागला की पुन्हा घालायची. शेवटी तोंडातली ट्यूब जोडावरून खाली सरकवून पुढचे टाके बांधायचे. वर ओढलेल्या ट्यूबच्या टोकाला आधीच धागा बांधून ठेवतात, म्हणजे ती हरवत नाही. हनुवटी छातीशी टाक्याने आठवडाभर बांधून ठेवायची, म्हणजे मान मागे जाऊन जोड ताणला जात नाही. श्वासनलिका दोन फाट्यांत विभागते तिथली शस्त्रक्रिया असेल तर हीच ट्यूब एका फुप्फुसात घालून एकाच फुप्फुसावर काम भागवतात, आणि तिथे प्रत्येक गोष्ट दुप्पट अवघड होते.

या पद्धतीचा गुण असा की ट्यूबला फुगा आहे, आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा एकाच रुंद वाटेने जाते, यंत्र दोन्ही मोजते. दोष असा की सर्जनच्या हाताला वारंवार थांबावे लागते. माझ्या मते आजही, अनुभव कमी असलेल्या ठिकाणी, हीच पद्धत सर्वांत भरवशाची आहे. एक काळजी मात्र हवी: श्वासनलिका उघडताना विजेच्या चाकूचा वापर टाळायचा. आत भरपूर ऑक्सिजन आणि प्लास्टिकची ट्यूब, त्यात ठिणगी पडली तर श्वासनलिकेतच आग लागते. लेझर वापरताना ऑक्सिजन ३० टक्क्यांखाली ठेवण्याचा नियम यासाठीच आहे.

सर्जनला ट्यूबच नको होती, तेव्हा जेट आला. कोलोनच्या ऑस्कर क्लाइनझासर यांनी १९६० च्या दशकात सूक्ष्मदर्शक वापरून स्वरयंत्रावर काम करण्याची पद्धत रुजवली. दक्षिण जर्मनीतल्या टुटलिंगन या उपकरणांच्या गावात कार्ल स्टोर्झ यांचा कारखाना त्यासाठीची दुर्बीण आणि प्रकाश बनवत होता. त्या चिंचोळ्या जागेत ट्यूब म्हणजे अडगळच. १९६७ मध्ये अमेरिकेत सँडर्स यांनी कडक दुर्बिणीच्या तोंडाशी बारीक सुई बसवून तिच्यातून जोराच्या दाबाने ऑक्सिजन सोडला. घरच्या गॅस शेगडीत जेटमधून सुटणारा गॅस बाजूच्या छिद्रातून हवा ओढून घेतो, तसाच हा झोत आजूबाजूची हवा ओढून फुप्फुसात नेतो. पुढे यंत्रे आली आणि मिनिटाला शंभर, दीडशे किंवा त्याहून जास्त वेळा छोटे छोटे झोत देणे शक्य झाले. व्हिएन्नात अलेक्झांडर अलोय यांनी मंद आणि जलद अशा दोन झोतांची जोड दिली. ती जर्मन भाषिक रुग्णालयांत चांगली रुजली. दोन-तीन मिलिमीटरचे कॅथेटर जोडाच्या पलीकडे सोडून सर्जन सलग टाके घालू शकतो.

पण जेट फक्त आत ढकलतो. बाहेर यायला त्याच्याकडे काहीच नाही. छातीच्या स्वतःच्या आकसण्यावर आणि कॅथेटरभोवतीच्या मोकळ्या जागेवर सगळे अवलंबून. ती जागा रुंद असेल तर उत्तम. गाठ किंवा आकसलेली कडी कॅथेटरभोवती घट्ट बसली असेल, किंवा स्वरयंत्र अचानक मिटले, तर प्रत्येक झोत आत राहतो. काही सेकंदांत फुप्फुस फाटते, हवा छातीच्या पोकळीत आणि कातडीखाली शिरते, आणि आतल्या दाबाने हृदयाकडे परत येणारे रक्त अडते. जेटमुळे झालेल्या मोठ्या अपघातांमागे बहुधा हीच कथा असते. म्हणून झोत सुरू करण्यापूर्वी भूलतज्ज्ञाने आणि सर्जनने मोठ्याने एकमेकांना विचारावे: हवा बाहेर कुठून येणार? उत्तर मिळाल्याशिवाय बटण दाबू नये.

श्वास न देताच जगवण्याची कल्पनाही जुनी आणि जर्मन आहे. १९०८ मध्ये फ्रान्झ फोलहार्ड यांनी कुरारेने स्नायू थांबवलेल्या प्राण्यांच्या श्वासनलिकेत केवळ ऑक्सिजन सोडून त्यांना बराच वेळ जिवंत ठेवले. कारण साधे आहे. फुप्फुसातून मिनिटाला २५० मिलिलीटर ऑक्सिजन रक्तात जातो, पण रक्तातून फुप्फुसात येणारा कार्बन डायऑक्साइड फार थोडा असतो, कारण तो बहुतेक रक्तात आणि पेशींतच साठून राहतो. त्यामुळे फुप्फुसात पोकळी निर्माण होते आणि वरचा ऑक्सिजन आपोआप आत ओढला जातो. १९५९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फ्रुमिन आणि सहकाऱ्यांनी आठ रुग्णांना अशा प्रकारे श्वासाविना, सर्वांत जास्त ५३ मिनिटे ठेवले. ऑक्सिजन उत्तम राहिला. कार्बन डायऑक्साइडचा दाब मात्र एका रुग्णात पाऱ्याच्या नेहमीच्या ४० मिलिमीटरवरून २५० पर्यंत गेला. २०१५ मध्ये लंडनच्या पटेल आणि नूराई यांनी नाकातून गरम, ओलसर ऑक्सिजनचा जोरदार प्रवाह देऊन २५ अवघड रुग्णांत हाच वेळ सुरक्षितपणे वाढवला. या वेळेचा मध्यक १४ मिनिटांचा होता. आज अनेक जर्मन रुग्णालयांत हा प्रवाह पहिल्या काही मिनिटांसाठी आणि मधल्या विरामांसाठी आधार म्हणून वापरतात. पण श्वास बंद असताना कार्बन डायऑक्साइडचा दाब मिनिटाला पाऱ्याच्या तीन-चार मिलिमीटरने चढत राहतो. बाहेर जाणाऱ्या श्वासाचा हिशेब इथेही चुकवता येत नाही, फक्त लांबवता येतो.

मग तो हिशेब फुप्फुसाबाहेरच फेडायचा, हा पुढचा विचार. श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुस यंत्र १९६१ मध्येच अमेरिकेत वापरले गेले. रक्त गोठू नये म्हणून द्याव्या लागणाऱ्या हेपरिनमुळे मोठा रक्तस्राव होई, म्हणून ते मागे पडले. एक्मो, म्हणजे रक्त शरीराबाहेर नेऊन त्यात ऑक्सिजन मिसळणारे आणि कार्बन डायऑक्साइड काढणारे यंत्र, सुटसुटीत झाल्यावर ती वाट पुन्हा उघडली, आणि जर्मनीत एक्मोची सोय असलेली रुग्णालये भरपूर असल्याने तिथे ती लवकर रुळली. रेगेन्सबुर्गच्या डॉक्टरांनी पंप नसलेले फुप्फुस-साहाय्य विकसित केले. मांडीच्या रोहिणीतून निघालेले रक्त हृदयाच्याच दाबाने एका पडद्यावरून जाऊन शिरेत परतते. त्यातून ऑक्सिजन फारसा मिळत नाही, पण कार्बन डायऑक्साइड छान निघून जातो. छातीच्या शस्त्रक्रियांतही त्यांनी ते वापरले. मला यातली दृष्टी फार मोलाची वाटते: ऑक्सिजन द्यायला सोपे मार्ग आहेत, बाहेर काढायच्या वायूसाठी वेगळी सोय करा, हे इथे उपकरणाच्या रचनेतूनच मान्य केलेले आहे. मात्र जिथे सामान्य पद्धतीने काम भागते तिथे एक्मो लावणे म्हणजे मोठ्या शिरांत जाड नळ्या घालण्याचा धोका विनाकारण पत्करणे. गाठ इतकी मोठी असेल की भूल दिल्याबरोबर वाट मिटेल, किंवा फाट्याजवळचे गुंतागुंतीचे काम असेल, तेव्हा एक्मो आधीच, रुग्ण जागा असताना, लावून ठेवावा. संकट आल्यावर धावपळीत लावलेल्या एक्मोचे फळ क्वचितच चांगले असते.

बाहेर काढण्याच्या प्रश्नाला समोरासमोर भिडणारे काम म्युन्स्टरच्या भूलतज्ज्ञ डिटमार एन्क यांनी केले. व्हेन्ट्रेन नावाचे त्यांचे उपकरण हातात मावते. त्यातून ऑक्सिजन वाहत असतो. अंगठा छिद्रावर ठेवला की तो बारीक कॅथेटरमधून फुप्फुसात जातो, अंगठा उचलला की तोच वेगवान प्रवाह उपकरणाच्या आत शोषण निर्माण करतो आणि फुप्फुसातली हवा त्याच कॅथेटरमधून बाहेर ओढतो. दोन मिलिमीटरच्या वाटेने श्वास बाहेर आणता येतो, आजूबाजूला जराही मोकळी जागा नसली तरी. याच तत्त्वावर नेदरलँड्समधल्या एका कंपनीने एक यंत्र काढले आणि त्यासाठी ट्रायट्यूब नावाची ट्यूब: बाहेरून केवळ ४.४ मिलिमीटर, आत तीन वाटा, एक श्वासाची, एक दाब मोजण्याची, एक फुगा फुगवण्याची. नेहमीच्या प्रौढ ट्यूबहून ती निम्म्याहून बारीक, तरीही फुगा आहे, दाब प्रत्यक्ष श्वासनलिकेत मोजला जातो, आणि सर्जनला भिंत दिसते. फ्रायबुर्गच्या, म्हणजे किलियान यांच्याच, विद्यापीठ रुग्णालयात या प्रवाह-नियंत्रित श्वसनावर प्राण्यांत आणि माणसांत अभ्यास झाले आहेत. शोषण जास्त झाले तर फुप्फुस मिटते, बारीक ट्यूब चिकट स्रावाने चोंदते, आणि यंत्र महाग आहे. तरी या प्रश्नावर गेल्या पन्नास वर्षांत झालेली सर्वांत महत्त्वाची प्रगती कोणती, असे विचारले तर मी हीच सांगेन.

दुसरी दिशा कोलोन-मेरहाइमच्या फुप्फुस रुग्णालयाची. तिथल्या भूलतज्ज्ञांनी २०१८ मध्ये मानेतल्या श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियांसाठी ट्यूबऐवजी लॅरिंजियल मास्क वापरल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. हा मास्क स्वरयंत्राच्या वर बसतो, श्वासनलिकेत उतरतच नाही. अरुंद भागाला ट्यूबचा धक्का लागत नाही, गरज पडली तर त्यातून बारीक कॅथेटर खाली सोडता येते, आणि शेवटी जागे होताना रुग्ण ट्यूबवर खोकून नवा जोड ताणत नाही. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत मोठा वाटतो, कारण या शस्त्रक्रियेत शेवटची दहा मिनिटे मधल्या तासाइतकीच धोक्याची असतात. त्याहून पुढे जाऊन, रुग्णाचा स्वतःचा श्वास चालू ठेवून, फक्त बधिर करून नलिका जोडण्याचे काम चीनमधल्या ग्वांगचौ येथे आणि काही युरोपीय ठिकाणी झाले आहे. निवडक रुग्णांत ते जमते. पण जागा माणूस खोकला किंवा घाबरला तर काय, याची तयारी नसेल तिथे ते करू नये.

यांतली कोणती पद्धत श्रेष्ठ, हे मोठ्या तुलनात्मक चाचण्यांनी सिद्ध झालेले नाही, आणि होणेही अवघड आहे, कारण रुग्ण थोडे आणि प्रत्येकाची वाट वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या कारणाने अरुंद. जर्मन भूलतज्ज्ञ संघटनेची श्वासमार्गाची मार्गदर्शक तत्त्वे २०१५ मध्ये आली, २०२३ मध्ये सुधारली. अवघड श्वासमार्गासाठी पहिली योजना फसली तर दुसरी आणि तिसरी आधीच ठरलेली असावी, ही या क्षेत्रातली सर्वमान्य शिस्त आहे. माझा निवाडा असा: ज्या केंद्रात वर्षभर अशा शस्त्रक्रिया होतात, जिथे सर्जन आणि भूलतज्ज्ञ एकमेकांचे हात ओळखतात, तिथे कोणतीही पद्धत चालते. जिथे तसे नाही तिथे सर्वांत नवे यंत्रसुद्धा रुग्णाला वाचवणार नाही. अशा रुग्णाला वेळेत मोठ्या केंद्राकडे पाठवणे, हाच तिथला योग्य उपचार.

आपल्याकडे या आजाराचे मूळ बहुतेकदा अतिदक्षता विभागातच असते. शेतात फवारणीच्या औषधाने विषबाधा झालेला तरुण, अपघातात डोक्याला मार लागलेला दुचाकीस्वार, कोविडमध्ये तीन-तीन आठवडे व्हेंटिलेटरवर राहिलेली माणसे. त्यांचा जीव वाचतो, आणि मग एक-दोन महिन्यांनी धाप सुरू होते. ट्रेन्डेलेनबुर्ग यांच्या फुग्याचा दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटीमीटरदरम्यान ठेवला तर भिंतीचे रक्त थांबत नाही. बोटाने फुगा दाबून हा दाब कळत नाही. त्यासाठी छोटा दाबमापक लागतो, आणि तो व्हेंटिलेटरच्या किमतीपुढे नगण्य आहे. प्रत्येक व्हेंटिलेटरच्या शेजारी तो असावा आणि प्रत्येक पाळीला दाबाची नोंद व्हावी, अशी मागणी रुग्णालयांकडे, विमा योजनांकडे आणि सरकारकडे केली पाहिजे. ती मान्य झाली तर वर वर्णन केलेल्या शस्त्रक्रियांतल्या अनेकांची वेळच येणार नाही.

आणि वाचकांना एक सांगणे. घरातले कोणी व्हेंटिलेटरवरून सुटून आले असेल आणि काही आठवड्यांत त्याला चालताना धाप लागू लागली, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर तो दमा आहे असे गृहीत धरून पंपावर महिने काढू नका. ट्यूब घातली होती, किती दिवस घातली होती, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, आणि दुर्बिणीने श्वासनलिका तपासून घेण्याचा आग्रह धरा. आठ मिलिमीटर वाट शिल्लक असताना आलेल्या रुग्णासमोर पर्याय पुष्कळ असतात. चार मिलिमीटरवर आलेल्यासमोर फार थोडे.